शेणावर तापणारं गाव

जर्मनीला जाऊन आलेल्याने बर्लिनच्या भिंतीपाशी फोटो काढावा, ब्लॅक फॉरेस्टचा केक खावा असा एक अलिखित नियम आहे. मी तुम्हाला नेणार आहे ते चक्क शेणाच्या टाकीपाशी. नाक मुरडू नका, वाचा!

मुक्काम ग्योटिंगेनला होता. फ्रँकफर्टहून फास्ट ट्रेनने दोनेक तास. १७३७ सालचं विद्यापीठ, जिकडेतिकडे सायकली आणि जुन्या टाऊन हॉलसमोर कारंज्यावर हंस सांभाळणाऱ्या मुलीचा पुतळा. पीएचडी झाली की नवे डॉक्टर वर चढून या मुलीचा मुका घेतात. माझी कॉलेजमधली मैत्रीण इथेच समाजशास्त्रात पीएचडी करतेय, तिचा हा मुहूर्त अजून लांब आहे. शनिवारी सकाळी ती म्हणाली, "चल, तुला युन्डे दाखवते. खरं तर तुझ्या सोसायटीलाच दाखवायला हवं."

सोसायटीचं सांगते. ठाण्याला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवायचं मी गेल्या वर्षी मनावर घेतलं होतं. स्लाइड्स केल्या, किती वर्षांत पैसे वसूल होतील त्याचा तक्ता केला. मीटिंगला अकरा जण आले. गळक्या टाकीवरून वाजलं, चहा संपला, विषय संपला. माझे चार रविवार पाण्यात!

तर युन्डे. गाडीने अर्ध्या तासाच्या आत आपण तिथे. चर्च, लाल कौलांची घरं, उतारावरची शेतं. हजारेक वस्तीचं गाव, बघायला असं काही नाही. गावाबाहेर मात्र मोठ्या घुमटांच्या टाक्या. वास? येतो थोडा, पण आपल्या भाजी मंडईपेक्षा कमीच.

या टाक्यांत गावातल्या गोठ्यांचं शेणमूत आणि शेतातला कापून आंबवलेला हिरवा चारा जातो. गॅस तयार होतो, तो इंजिनात जळतो, वीज निघते. इथवर आपला गोबर गॅसच. गंमत पुढे आहे. इंजिन तापतं, ती उष्णता वाया न घालवता पाणी गरम करतात आणि जमिनीखालच्या पाइपांतून ते घरोघर फिरवतात. कडाक्याच्या थंडीत जोडीला लाकडाच्या तुकड्यांवरचा बॉयलर. उरलेला राडा खत म्हणून परत शेतात. गाव वापरतं त्याहून जास्त वीज इथे तयार होऊ लागली.

हे सुचलं कोणाला? विद्यापीठाला. भूगर्भशास्त्र, शेती, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि चक्क मानसशास्त्रवाले एकत्र बसले. टाकी कशी बांधायची हा प्रश्न फारसा अवघड नव्हताच. प्रश्न असा, की आपल्या तळघरातला चांगला चालणारा तेलाचा बॉयलर उपटून शेजाऱ्याच्या गाईंवर विसंबायला माणूस तयार कसा होतो? आणि एकदोन घरांनी हो म्हणून भागत नाही, बहुतेकांनी म्हटलं तरच पाइप टाकणं परवडतं.

२००१ मध्ये गाव ठरलं, २००५ मध्ये प्लांट सुरू झाला. मधली चार वर्षं? बैठका, बैठका आणि बैठका! गावकऱ्यांनीच गट केले, शंका काढल्या, सहकारी संस्था काढली, तिच्यात स्वतःचे पैसे घातले. शेवटी साधारण ७० टक्के घरं आली. जर्मनीतलं हे पहिलं 'बायोएनर्जी गाव'. तशी सहकाराची आपली नाळ इथलीच. १९०४ चा आपल्याकडचा पतसंस्थांचा कायदा झाला तेव्हा डोळ्यांसमोर जर्मनीतल्या रायफायझेनच्या गावपतपेढ्या होत्या.

"म्हणजे हे गाव हॅपी एंडिंगवालं?" मी विचारलं.

"तसं नाही गं," ती म्हणाली. विजेला सरकारने बांधून दिलेला दर २० वर्षांचा. इंजिन जुनं होतं, दुरुस्ती येते, सुरुवातीला राबलेली माणसं थकतात. पुढे संस्थेने प्लांट त्या भागातल्या एका वीज कंपनीकडे सोपवला. शिवाय जर्मनीभर गॅससाठी मक्याची शेतं इतकी पसरली, की लोक ओरडायला लागले आणि २०१४ मध्ये सरकारने नव्या प्लांट्सची मदत आखडती घेतली. मला जरा वाईटच वाटलं. पण या गावाचं बघून ग्योटिंगेन जिल्ह्यातल्या आणखी काही गावांनी हाच रस्ता धरला, तेव्हाही विद्यापीठाची मंडळी सोबत होतीच.

परतताना तिला विचारलं, "माझं कुठे चुकलं मग?"

"टाकीचं भांडण ऐकून घेतलंस का तू?"

नव्हतं घेतलं. मी लॅपटॉप बंद करत होते.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. टाकीचं पाणी नेमकं त्यांच्या बेडरूममध्ये झिरपतं. भिंत दाखवली, पोहे खायला घातले. सोलरचा विषय मी काढला नाही. निघताना त्यांनीच विचारलं, "ते पॅनल बसवायच्या आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतात का गं?"