पोटभाडेकरू

याला तोंड नाही, आतडं नाही, डोळे तर नाहीतच. मिलिमीटरभर डोकं, त्यावर चार चूषक आणि बारीक आकड्यांची दुहेरी रांग. एवढ्या भांडवलावर टीनिया सोलियम हा पट्टकृमी माणसाच्या लहान आतड्याला चिकटतो आणि दोन-तीन मीटर वाढून वर्षानुवर्षं अंगानंच अन्न शोषत राहतो. घरमालकाला बहुधा पत्ताही नसतो. भाडेकरू म्हणून तसा सभ्यच.

घोळ घालतात ती अंडी. त्याचा एकेक पिकलेला तुकडा गळून शौचावाटे बाहेर पडतो, त्यात पन्नासेक हजार. टांझानियातलं म्बुलू, झांबियाचा पूर्व प्रांत, दक्षिण आफ्रिकेतलं ईस्टर्न केप इथल्या खेड्यांत डुकरं मोकळी हिंडतात आणि शौचालय प्रत्येकाकडे नसतं. डुकरानं ती घाण खाल्ली की अळ्या त्याच्या मांसात पाणीदार दाणे होऊन बसतात. मांस अर्धंकच्चं खाल्लं की नवा भाडेकरू दाखल. गिऱ्हाइकंही वस्ताद: डुकराला पाडून, जबड्यात काठी घालून जीभ ओढतात आणि चाचपतात. दाणा लागला तर भाव पाडतात. डुक्कर बहुतेकदा शिजतंच.

मात्र हीच अंडी न धुतलेल्या हातांवरून माणसाच्या पोटात गेली, तर अळी रक्तातून मेंदू गाठते. त्यासाठी डुक्कर खावं लागत नाही. आपल्याकडच्या शाकाहारी रुग्णांच्या स्कॅनमध्येही हा सापडतो. मेंदूत तो शरीराच्या पहाऱ्याला चकवत वर्षानुवर्षं गप्प असतो. छळतो तो मरताना. पहाऱ्याला तेव्हा कुठे जाग येते, भोवती सूज चढते आणि आकडी येते.

म्बुलूतल्या हायडम रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ आंद्रेआ विंकलर यांनी अपस्माराचे रुग्ण अभ्यासले, तेव्हा काहींच्या सीटी स्कॅनमध्ये या पाहुण्याच्या खुणा निघाल्या. स्वाहिलीत अपस्माराला किफाफा म्हणतात. चुलीजवळ झटका आला तर माणूस आगीत पडतो. लाळेनं आजार लागतो या समजुतीनं ओढून काढणारेही कचरतात.

औषधालाही धार दोन्हीकडून. बिलहार्झिया या दुसऱ्या कृमिरोगासाठी आफ्रिकेत गावंच्या गावं प्राझिक्वांटेलची गोळी घेतात. मेंदूतला निजलेला कृमी त्यानं मरू लागला, तर आयुष्यातली पहिली आकडी त्या गोळीनंतर येऊ शकते. म्हणून मेंदूवर इलाज करताना सोबत स्टिरॉइड देतात.

डुकरासाठी लस आहे. शोध मेलबर्नचा, उत्पादन हैदराबादचं. पण दाण्यांनी भरलेलं डुक्करही दिसायला धडधाकटच, मग शेतकऱ्यानं पैसे का मोजावेत? माझ्या मते ती सरकारनंच फुकट टोचावी.