माहेरी गेलेली पहिलटकरीण

भालकी

चि. बेबी,

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "मावशी, ती उदगीरला माहेरी गेली. आता ती आमच्या गरोदर बायांच्या यादीत नाही." तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. अगं, हिमोग्लोबिन सातच्या खाली असलेली पहिलटकरीण ती! यादीतून नाव गेलं म्हणून अंगात रक्त भरलं का तिच्या?

उदगीर, निलंगा, अहमदपूर १९५६पर्यंत आपल्या बिदर जिल्ह्यातच होते. राज्यं वेगळी झाली, सोयरिकी तशाच राहिल्या. तुझा जन्म तरी कुठला गं?

इंग्रजांच्या काळात मुंबईतही नोंदी अशाच तुटल्या होत्या. १९२१ साली तिथं नोंदलेल्या दर हजार जन्मांमागं साडेसहाशेवर बालमृत्यू लिहिले गेले. चाळीतल्या खोलीतली दाटी, गिरणीत राबून थकलेल्या आया, ही कारणं खरीच. पण कित्येकजणी बाळंतपणाला गावी जात. जन्माची नोंद तिकडं, मृत्यूची मुंबईत. आकडा फुगला, पण मधल्या दिवसांत त्या मायलेकरांना कुणी पाहिलं, ते कोणत्या वहीत शोधायचं?

आपल्याकडं गरोदर बाईचं तायी कार्ड आहे, आशा आहेत. पलीकडं महाराष्ट्रातही आशा आहेत. मग सातव्यात ओटी भरली की माहेरच्या आशाचा नंबर त्या कार्डावर का लिहीत नाही तुम्ही? एवढ्याला कुठला सरकारी आदेश लागतो?

२०२१ला बिदर-कलबुर्गीच्या शाळांत अंडं सुरू झालं, तेव्हा मी किती हरखले होते, तू पाहिलंस. दूध आहे, लोहाची गोळी आहे, तपासणीचं पथक येतं. तरी दोन ओळी लिहून पाटीवर डोकं टेकणारी पोरं मी जन्मभर वर्गात पाहिली. त्यातल्या कितीकांची उणीव आईच्या पोटातूनच आलेली. शाळेची आरोग्यतपासणी आईच्या सातव्या महिन्यात सुरू झाली पाहिजे, हे मी बोलत आले आणि बोलत राहीन.

रागावू नकोस. तुझ्यामागं किती गावं आहेत, मला कळतं. दुपारचं जेवण वेळेवर घेत जा. पण तिला रक्त चढवावं लागेल, असं तूच म्हणाली होतीस. ते तिकडच्या डॉक्टरांना कोण सांगणार? तिच्या सासूकडून माहेरचा नंबर घे आणि पत्र मिळताच फोन लाव. नववा लागला असेल ना गं तिला?

तुझी,
मावशी