रिपोर्ट आला म्हणून बाग सोडू नका

सातारा,
विसर्जनानंतरचा रविवार

ती. दाजींना,


काल रात्री आक्काचा फोन आला होता. तुमचं क्रिएटिनिन २.१ आलंय आणि डॉक्टरांनी कागदावर किडनीच्या आजाराचा तिसरा टप्पा लिहिलाय, असं तिनं सांगितलं. रिपोर्ट आल्यापासून तुम्ही बागेकडे फिरकला नाहीत म्हणे. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय आणि तुम्ही सोप्यात पडून राहता, कुणी भेटायला आलं की डोळे मिटून घेता. शिवाय कुणीतरी येऊन ‘आता डायलिसिस, म्हणजे संपलंच’ असं सांगून गेलंय. हे सगळं फोनवर बोलणं जमणार नाही, म्हणून सावकाश लिहितो. लिहिणारा स्वतः डायलिसिसवर आहे आणि तरीही राजवाड्याजवळच्या आपल्या दुकानात बसतो, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

आधी त्या आकड्याचं. तुमच्या वयाला २.१ क्रिएटिनिन म्हणजे दोन्ही किडन्यांची गाळण्याची गती साधारण पस्तिसाच्या आसपास. तिसरा टप्पा तीस ते एकोणसाठचा, आणि पंधराच्या खाली गेलं की पाचवा. तिसऱ्या टप्प्यातल्या पुष्कळ माणसांना जन्मात कधी डायलिसिस लागत नाही. ज्यांना लागतं त्यांनाही मध्ये बरीच वर्षं मिळतात, आणि ती किती मिळणार यात आपला हात असतो. आणखी एक, आजार जुना आहे की नाही हे एका रिपोर्टवर ठरत नाही, बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकलेला दिसावा लागतो. म्हणून जुने कागद शोधा. मागे हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त तपासलं होतं, तो रिपोर्ट आक्काच्या ट्रंकेत असणार. आणि लघवीतून प्रथिनं किती जातात ती तपासणी झाली नसेल तर करून घ्या. पुढची चाल कळायला ती क्रिएटिनिनइतकीच लागते.

तुम्हाला वीस वर्षांचं ब्लडप्रेशर आहे आणि अलीकडे साखरही निघालीय. या दोन्हींनी किडनी बिघडते, आणि या दोन्ही आवरल्या की ती टिकते. घरी बी.पी.चं मशीन आणा, सकाळी बसून मोजा, वहीत लिहा. १३०/८० च्या आत ठेवायचं, असं मला सुरुवातीला सांगितलं होतं. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांना विचारा. साखरेसाठी निघालेलं डॅपाग्लिफ्लोझिन नावाचं औषध किडनीचा ऱ्हास मंद करतं, हे २०२० मध्ये मोठ्या चाचणीतून दिसलं. त्याच वर्षी आपल्याकडे त्याचं पेटंट संपलं आणि गोळी स्वस्त झाली. ती तुम्हाला चालेल का, हे नुसतं विचारून या. माझ्या वेळी ही गोळी नव्हती, तुमच्या वेळी आहे, याचं मला फार बरं वाटतं.

आता दोन गोष्टी आजपासून बंद. एक म्हणजे गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणता त्या वेदनाशामक गोळ्या, आणि कंबर धरली की गावात टोचून घेता ते इंजेक्शन. या औषधांनी किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि उन्हात घाम गाळून आलेल्या शरीरावर तर त्यांचा मार दुप्पट बसतो. गुडघा दुखतोच, ते मला कळतं. पण कुठली गोळी चालेल ते डॉक्टर सांगतील. दुसरं म्हणजे पाहुण्यांनी आणून दिलेल्या त्या पुड्या. त्यांत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नाही. अशा काही भस्मांत शिसं आणि पारा सापडलेला आहे. किडनी पुन्हा नवी करून देतो म्हणणाऱ्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका, मग तो कितीही जवळचा असो.

जेवणाचं जरा सविस्तर लिहितो, कारण आक्कानं माझं ताट पाहिलंय आणि आता ती तुम्हाला तेच वाढणार. ते करू देऊ नका. डायलिसिसमध्ये प्रथिनं निघून जातात, म्हणून मला अंडी, पनीर जास्त खावं लागतं. तुम्हाला मात्र प्रथिनं बेतानंच हवीत. डाळ बंद नाही, पण वाटीवर वाटीही नाही. मला पाणी मोजून प्यावं लागतं, कारण माझी लघवी जवळजवळ थांबलीय. तुम्हाला ते बंधन कुणी घातलेलं नाही. तहान लागेल तेवढं प्या, आणि किडनी धुऊन निघेल म्हणून चार-पाच लिटर ढोसूही नका.

पोटॅशियमचं तसंच. तुमच्या रिपोर्टात ते ४.६ आहे, म्हणजे ठीक आहे. मग केळं, टोमॅटो, शहाळं सगळं एका दिवसात तोडायची गरज नाही. आपल्याच शेडवरचे चार बेदाणे तोंडात टाकायला तूर्त हरकत नाही, मूठमूठ मात्र नको. उद्या पोटॅशियम वाढलं तर काय करायचं ते आक्काला आत्ताच सांगून ठेवतो. बटाटा, भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, पाणी मोरीत ओतायचं आणि मग फोडणी टाकायची. आमच्या घरी आता हात आपोआप तसाच चालतो. फोडणीत लसूण, जिरं, कोथिंबीर आणि वरून लिंबू असेल तर चव जात नाही. आजाऱ्याला ताकद म्हणून आपल्याकडे मटणाचं आळणी पाजतात, पण मटणातलं पोटॅशियम नेमकं त्या पाण्यातच उतरलेलं असतं. म्हणून वाटी भरून पाजण्याचा आग्रह तेव्हा मोडावा लागेल. आणि परसात कमरखाचं झाड आहे, त्याची फळं तुम्ही यापुढे तोंडातही घालू नका. त्यातलं विष धड किडनी बाहेर टाकते, बिघडलेल्या किडनीत ते साठून मेंदूवर चढतं.

मिठाला मात्र आजपासूनच कात्री. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, दुपारचं भडंग. सांगलीत राहून भडंग सोडा म्हणणं मला जड जातंय, पण मिठानं बी.पी. चढतं, पायाला सूज येते, आणि अर्ध्या गोळ्या वाया जातात. ताटात वरून मीठ घ्यायची सवय आधी सुटू दे. महिन्याभरात जीभ वळते, हे खरंच होतं.

‘डायलिसिस म्हणजे संपलं’ या वाक्याचं उत्तर मात्र द्यायलाच हवं. १९६० पर्यंत ते खरं होतं. मशीन होतं, पण दर वेळी नवी शीर धरावी लागे आणि थोड्याच दिवसांत शिरा संपत. त्या वर्षी अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे डॉ. स्क्रिब्नर यांनी हातात कायमची बसवता येईल अशी टेफ्लॉनची नळी केली. ती पहिल्यांदा ज्याला बसवली तो क्लाइड शील्ड्स यंत्रकारागीर होता. तो पुढे अकरा वर्षं जगला. आणि आपल्या घरात तर जयप्रकाश नारायणांचा फोटो आहे. तुमचे तात्या त्यांच्यासाठी आणीबाणीत येरवड्यात बसले होते. नोव्हेंबर १९७५ मध्ये जयप्रकाश चंडीगडहून सुटले तेव्हा त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. मुंबईच्या जसलोकमध्ये डॉ. एम. के. मणींनी त्यांना डायलिसिसवर घेतलं. त्यानंतरची १९७७ ची निवडणूक, त्या सभा, मार्चमध्ये राजघाटावर नव्या खासदारांकडून घेतलेली शपथ, हे सगळं डायलिसिसवरच्या सत्तरी ओलांडलेल्या माणसानं केलं. ८ ऑक्टोबर १९७९ ला ते गेले. तात्यांनी तो फोटो ज्या वर्षांसाठी भिंतीवर लावला, त्यातली शेवटची चार वर्षं मशीनच्या आधाराची होती.

माझं म्हणाल तर रोज सकाळी उठल्याबरोबर उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटाच्या वर ठेवतो. तिथं धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलाय. पिठाची गिरणी चालू असताना भिंतीला हात लावावा, तशी कातडीखाली थरथर लागते. ती लागली की तोंड धुवायला जातो. त्या हातात पिशवी नाही, घड्याळ नाही, बी.पी.चा पट्टा नाही. डायलिसिसच्या दिवशी चार तास खाटेवर जातात, संध्याकाळी अंग गळून जातं, हे लपवत नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो. या आषाढात मधल्या मोकळ्या दिवशी माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते तरडगाव चाललो, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण पाहिलं. फिस्टुलाची एक गोष्ट मात्र तुम्हाला आत्ताच उपयोगाची आहे. तुमच्या डाव्या हाताच्या शिरा राखा. रक्त काढायचं, सुई लावायची तर उजव्या पंजाच्या मागून, असं नर्सला स्वतःहून सांगत जा. पुढे फिस्टुला लागलाच, तर त्याला चांगली शीर लागते, आणि तो पिकायला काही आठवडे, कधी महिने जातात.

आक्का फोनवर एकदम म्हणाली, “माझी किडनी देऊन टाकते.” दाजी, तिला आज हे बोलावं लागू नये. ती वेळ आलीच तर बऱ्याच वर्षांनी येईल. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच फार आहेत. कुणी विचारायच्या आधीच घरातली बाई पुढे होते आणि मग सगळे ते धरूनच चालतात. आपल्या घरात तसं होऊ नये. वेळ आली तर दोन्ही मुलांना समोर बसवून बोलू, आणि मेंदू मृत झालेल्या दात्याच्या किडनीसाठी पुण्याच्या अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नावही घालू. खर्चाची धास्ती असेल तर डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का तेवढं बघून ठेवा. घाईच्या वेळी माणसं तिथंच अडतात.

तोवर आक्काची काळजी हलकी करायला एकच करा, लपवू नका. थोरल्याला सांगा, बागेतल्या गड्यांना सांगा, गावच्या डॉक्टरला तर आधी सांगा, म्हणजे तो ते इंजेक्शन काढणार नाही. जुलाब-उलट्या झाल्या तर कुठल्या गोळ्या त्या दिवसापुरत्या थांबवायच्या, हेही लिहून घ्या. बी.पी.च्या काही गोळ्या अशा वेळी किडनीला जड जातात.

आणि छाटणीला जा. सकाळी लवकर जा, अकराला सावलीत या, पाण्याची बाटली बरोबर असू द्या. निकाराग्वात ऊसतोड्यांच्या किडन्या तरुणपणीच जात होत्या, तेव्हा तिथल्या एका कारखान्यानं पाणी, सावली आणि विसावा ठरवून दिला, आणि बिघाड कमी झाले. फवारणी थोरल्याकडे सोपवा. काडी कुठल्या डोळ्यावर धरायची हे मात्र तुमच्याइतकं कुणाला कळत नाही, ते तुम्हीच दाखवायचं आहे.

पुढच्या रविवारी डायलिसिस नाही, सकाळच्या एसटीनं निघून सांगलीला येतो. जुने रिपोर्ट काढून ठेवा.

तुमचा मेहुणा

ता. क. आक्कानं तुमच्यासाठी ‘लो सोडियम’ मीठ आणलंय म्हणाली. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. किडनीच्या माणसाला ते नको. पाकीट फोडलं नसेल तर दुकानात परत करा, आणि साधंच मीठ निम्म्यानं वापरा.