कमावता एक, उडवणारे दोघं

वंजारपट्टी नाक्याजवळच्या गॅरेजात एक फोटो आला. मित्राचे आजोबा मोटरसायकलवर बसलेले: काळा कोट, टोपी, धोतर, मागे घराची पडवी. टाकीवरचं नाव धोतराच्या घोळात झाकलेलं.

"धोतर नेसून किक कशी मारली असेल?"

"मारली कुठे? खाली बघ, गाडी स्टँडवर आहे. फोटोपुरते चढलेत."

मित्र सगळ्यात मोठ्याने हसला. आजोबांवर असं मायेने हसणारी माणसं मला फार आवडतात.

*

आमच्यातल्या राजदूतवाल्याला ही राजदूत वाटली, तर बाकीचे तुटून पडले. "मग दुधाच्या किटल्या कुठायत?" एस्कॉर्ट्सची राजदूत मुळात पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली. आपल्याकडे ती गवळ्यांची झाली, कारण ओझ्याला कुरकुरायची नाही. तिच्या मालकाला किटलीवरून चिडवणं हा मी तिचा मानच समजतो.

*

गाडी जावाच, हे गॅरेजच्या उस्तादने इंजिनाच्या घाटावरून ओळखलं. सिलिंडर एक, पण धुराड्याची तोंडं दोन. म्हणून दोन्ही अंगांना एकेक सायलेन्सर. यंत्रमागाचे कारखाने बघणारा आमचा दोस्त म्हणाला, "कमावता एकच, उडवणारे दोघं! आमच्या घरासारखंच."

यात विनोद आहे, तशी यांत्रिक माहितीही पुरी आहे. गॅरेजातल्या पोराने दोन सायलेन्सर बघून दोन सिलिंडर धरले होते. या एका वाक्यानंतर तो ती चूक करणार नाही.

*

मग उस्ताद गप्प झाला. मोबाइल त्याने दोन बोटांनी मोठा केला.

"ये किक इधर कैसे?"

फोटोत गाडीचं तोंड आपल्या उजव्या हाताला. म्हणजे तिची उजवी बाजू दिसायला हवी, आणि त्या बाजूला ब्रेक. जावाची किक डावीकडे असते. गिअरचा दांडाच वर फिरवला की त्याची किक होते, एकाच लोखंडाची दोन कामं. इथे तो दांडा समोर दिसत होता.

"आजोबांनी खास बनवून घेतली असेल."

"बुलेटवाल्याने जोडली असेल!" जुन्या बुलेटचा गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. जावावरून उठून बुलेटवर बसणारा गिअर टाकायला जातो आणि ब्रेक दाबतो. हे ज्यांच्याबाबतीत घडलंय ते सगळे हसले, म्हणजे सगळेच.

उस्ताद मात्र हसला नाही. त्याने कोटावर बोट ठेवलं. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, इथे उजवी वर होती. घड्याळ उजव्या मनगटावर. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली होती! मित्राच्या घरी हा फोटो वर्षानुवर्षं भिंतीवर आहे. कोट, घड्याळ सगळ्यांनी पाहिलेलं. पण फोटो उलटा आहे हे कळलं ते किकवरून.

ज्याच्या नडगीला किक लागलेली असते, त्याच्या नजरेला मी फार मानतो.

*

थोडा हिशेब. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीतून या गाड्या १९६१ पासून बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून त्यांच्यावर येझदी हे नाव आलं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तरी इथे सुटे भाग जमवून, खराद्याकडून घडवून घेऊन त्या चालवणारे आहेत. अंबाडीमार्गे वज्रेश्वरीला निघाल्या की मागच्याने धुरापासून जरा अंतर ठेवावं. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारं टू-स्ट्रोक इंजिन आहे ते.

*

कुणाच्या तरी भाच्याने ॲपमधून फोटो रंगवून पाठवला. टाकी निळी! नाक्यावर निषेध झाला. आजीच्या आठवणीत ती मरून आहे, बाजूला क्रोमची चकाकी. ॲपने त्या चकाकीलाही रंग फासला.

"आजोबांचं धोतर तरी पांढरं ठेवलंय," कुणीतरी म्हणालं.

भाच्याला परत कामाला लावलंय. आधी फोटो सुलटा करायचा, मग मरून.