टोपीवाला ईव्ही आणि आमचे दोन हक्कदार

२०२५ च्या मार्च महिन्याच्या २९ आणि ३० तारखेला मुंबईत ‘पोकेमॉन गो’ या मोबाइलवरच्या खेळाचा मेळावा झाला. नाव ‘सिटी सफारी’. तिकीट काढून शहरभर फिरायचे, सकाळी दहापासून सायंकाळी सहापर्यंत खेळायचे, आणि बदल्यात खेळातच एक बक्षीस मिळायचे: सफारीची टोपी घातलेला ‘ईव्ही’. ईव्ही हे कोल्ह्याच्या पिलासारखे दिसणारे एक काल्पनिक जनावर. साधा ईव्ही कुणालाही, कुठेही सापडतो. टोपीवाला फक्त तिथे जाणाऱ्याला.

ज्यांच्या घरी हा खेळ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोबाइलच्या नकाशावर आपण असतो, चालू लागलो की नकाशावरचा बाहुला चालतो, वाटेत जनावरे दिसतात, ती पकडायची. जुन्या इमारती, पुतळे, बागा अशा ठिकाणी खेळातले थांबे असतात. आपल्याकडे डिसेंबर २०१६ मध्ये जिओच्या साथीने तो रीतसर आला. यात जुगार नाही, आणि पोरे निदान पायी हिंडतात, म्हणून आमच्या घरात त्याला परवानगी आहे. असरनंतर तासभर, अभ्यास झाला असेल तर. पण मुंबईत पावलापावलावर थांबा, आणि आमच्या बुलढाण्यातल्या मोहल्ल्यात एकही नाही. मुलांना जयस्तंभ चौकापर्यंत चालत जावे लागते. म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच शहरातला गडी पुढे उभा असतो, आणि वरून त्यालाच टोपी.

आता त्या दोन तारखा कॅलेंडरवर पाहा. २९ मार्चला अठ्ठाविसावा रोजा, ३० मार्चला एकोणतिसावा. मधली रात्र ताक रात. ३० लाच गुढीपाडवा, ३१ ला ईद. कंपनीने हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेत बसून तारीख काढणाऱ्याला आपला चाँद कुठून दिसणार? पण आपल्या मुलांसाठी तिकीट काढण्याआधीच दार लागले होते, एवढे खरे. रोज्यात मुंबईच्या उन्हात आठ तास चालणे, मग तरावीह कुठे, सेहरी कुठे?

तरी थोरल्याने हिशेब मांडलाच. तो अकरावीत, धाकटी नववीत. बुलढाण्याला रेल्वे नाही. एसटीने राजूर घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूर, तिथून रात्रभराची गाडी, पाचशे किलोमीटरच्या आसपास. पाडवा आणि ईद एकत्र, त्यामुळे रिझर्व्हेशनला वेटिंग. मुक्काम मुंब्र्याला आमच्या आपांकडे, म्हणून लॉजचे वाचले. तरी तिकीट, जाणे-येणे, लोकलचे आणि इफ्तारचे धरून जो आकडा निघाला, तेवढ्यात दोघा भावंडांचे ईदचे कपडे आणि चपला आल्या असत्या.

धाकटीने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “भाईजानला पाठवलं तर मला पण पाठवणार का?”

त्या प्रश्नाने आमचा निर्णय झाला. थोरला कुणाच्या तरी सोबतीने गेला असता. पंधरा वर्षांच्या मुलीला त्या गर्दीत एकट्या भावाच्या भरवशावर धाडायची आमची तयारी नव्हती, आणि आम्हा दोघांपैकी कुणी रमजानच्या अखेरीस घर सोडून जाणे शक्य नव्हते. खेळ दोघांचा. तिच्या संग्रहात जनावरे त्याच्यापेक्षा जास्त, तीही आईच्या जुन्या मोबाइलवर. मग बक्षीस मात्र घराबाहेर पडू शकणाऱ्याला? आम्ही दोघांनाही नाही म्हटले.

थोरल्याने वाद घातला, आणि त्याचा मुद्दा पोकळ नव्हता. तो म्हणाला, सैलानीच्या यात्रेला जो जातो त्याने धूळ खाल्लेली असते, तो काहीतरी घेऊन येतो. घरी बसलेल्यालाही तेच मिळाले तर जायचे कशाला? जाणाऱ्याच्या कष्टाला किंमत आहे हे आम्हालाही मान्य आहे. २२ जुलै २०१७ ला शिकागोत याच खेळाचा पहिला मोठा मेळावा झाला. वीस हजारांच्या घरात माणसे आली आणि नेटवर्कच बसले. लोक तासन् तास रांगेत उभे होते, हातात बंद पडलेला खेळ. शेवटी कंपनीने तिकिटाचे पैसे परत केले, वर खेळातली शंभर डॉलरची नाणी दिली आणि आलेल्या प्रत्येकाला लुगिया नावाचा दुर्मीळ पक्षी दिला. ते आम्हाला रास्त वाटते. पुढे तोच लुगिया जगभरच्या खेळणाऱ्यांना मिळू लागला, म्हणून शिकागोवाल्यांचे काही हिरावले गेले नाही.

टोपीवाल्या ईव्हीचे तसे नाही. २०२३ मध्ये सोल, बार्सिलोना आणि मेक्सिको सिटीच्या सफारीतही तो दिला होता. म्हणजे तो मुंबईची खास आठवणही नव्हे. मोठ्या शहरांच्या यादीत राहणाऱ्यांना मिळणारा मान आहे. त्या यादीत बुलढाणा, खामगाव, मेहकर कधी यायचे?

ही प्रथा जुनी आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेतल्या ॲनाहाइम गावी ब्लिझार्ड कंपनीचा पहिला मेळावा झाला, तेव्हा येणाऱ्यांना त्यांच्या खेळातले मर्की नावाचे पाळीव जनावर मिळाले. नंतर त्याच कंपनीने घरबसल्या मेळावा पाहण्याचे तिकीट काढले आणि तशी खेळातली भेट त्या तिकिटावरही देऊ लागली. आणि २०२० च्या जुलैत, कोरोनात, पोकेमॉन गोचा वार्षिक मेळावा सगळ्या जगाने आपापल्या घरून, गल्लीतून खेळला. त्या वर्षी गच्चीवरूनही चालले. मग एरवी का चालत नाही? आम्हाला वाटते, कारण सरळ आहे. न मिळण्याची भीती तिकीट खपवते. मुलांना आम्ही हे समजावून सांगितले, त्यांना ते आमच्याआधीच माहीत होते.

हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांची हकीकत बहुतेकांनी ऐकली असेल. वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि प्रेषितांना (स.) साक्षीदार व्हा म्हणाले. प्रेषितांनी (स.) विचारले, बाकीच्या मुलांनाही असेच दिले का? नाही म्हटल्यावर ती भेट त्यांना पसंत पडली नाही. कंपनी काही आपल्या मुलांचा बाप नाही, तिच्यावर हा हुकूम लागत नाही, हे उघड आहे. पण या कंपन्या खेळणाऱ्या सगळ्यांना एक कुटुंब म्हणून हाक मारतात, मोबाइलवर रोज ‘तुमच्यासाठी’ म्हणून निरोप धाडतात. कुटुंब म्हणायचे तर मग तोच प्रश्न त्यांनाही विचारला जाणार. (गंमत अशी की त्याच मार्चमध्ये हा खेळ स्कोपली नावाच्या कंपनीला विकल्याचे जाहीर झाले, आणि तिची मालकी फिरत फिरत सौदी सरकारच्या निधीकडे जाते. निदान आता तरी कुणी ईदची तारीख पाहील अशी आशा आमच्या अब्बांना आहे. आम्हाला फारशी नाही.)

आमचे म्हणणे साधे आहे. जाणाऱ्याला पदक द्या. या खेळात मेळाव्याला हजर राहिल्याची पदके असतातच. ती त्याच्या नावापुढे कायम चमकू देत, कुणी हरकत घेणार नाही. जनावर मात्र सहा महिन्यांनी, वर्षाने, चालून कमावण्याची वाट सगळ्यांना मोकळी ठेवा. हवी तर लांबची ठेवा. दोनशे किलोमीटर चाला म्हणा, आमची पोरे चालतील.

हजहून येणारा माणूस काय करतो? जमजम आणि खजूर घेऊन येतो, आणि गल्लीत वाटीवाटीने, दोन-दोन दाणे का होईना, पोचवतो. जो जाऊ शकला नाही त्याच्या तोंडात आधी जाते. म्हणून कुणाला त्याचा हेवा वाटत नाही. खेळातल्या बऱ्याचशा बक्षिसांचा दोष हाच, की ती खात्याला शिवलेली असतात आणि वाटता येत नाहीत. पोकेमॉन गोने २०१८ पासून एवढी तरी सोय केली की दोन मित्र जवळ उभे राहून जनावरांची अदलाबदल करू शकतात. थोड्या दुर्मीळ जनावरांना ती मनाई आहे, बाकीच्यांना नाही.

याच सोयीवर बासी ईदला आमच्याकडे न्यायनिवाडा बसला. आपांचा मुलगा रोजा ठेवून सफारीला गेला होता आणि मग ईदसाठी गावी आला. त्याच्याकडे देण्यासारखा टोपीवाला ईव्ही एकच होता आणि मागणारे दोन. त्याने निवड आमच्यावर सोडली. थोरला म्हणाला, गाडीचा हिशेब मी केला. धाकटी म्हणाली, संग्रह माझा मोठा. शेवटी दादींच्या मांडीवर दोन चिठ्ठ्या पडल्या, त्यांनी चष्मा न लावता एक उचलली आणि ती धाकटीची निघाली. थोरल्याने शीरखुर्म्याची वाटी पुढे ओढली आणि बराच वेळ बोलला नाही.

दादींना ते बघवले नाही. त्या म्हणाल्या, एक महिना हिच्याकडे राहू दे, एक महिना त्याच्याकडे, त्यात काय एवढे? मग आपांच्या मुलाने त्यांना समजावले की एकदा बदललेले जनावर पुन्हा बदलता येत नाही. दादींनी विचारले, हा नियम कुणी केला?