कपाटातली पाकिटं

कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाजीबद्दल नाही, रोज्याबद्दलही नाही. ती उधारीबद्दल आहे. सुरे बकराच्या या २८२व्या आयतीत देणं-घेणं मुदतीसह लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगितलं आहे. तिच्या दोनच आयती आधी, कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, असंही आहे. आमच्या मोहल्ल्यात मात्र थकलेल्या शैक्षणिक कर्जाबद्दल कुणी तोंड उघडत नाही. व्याजाचं कर्ज घेतलं ही एक शरम, फेडता आलं नाही ही दुसरी.

माझ्या भाच्याने इंजिनिअरिंगसाठी पावणेचार लाख घेतले. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण वडील सहकर्जदार असतात. शिक्षण संपलं, सवलतीची मुदत संपली, नोकरी काही लागेना. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. बँकेची पत्रं येत राहिली, आपा ती न उघडता कपाटात ठेवत राहिली. पुढे दुल्हाभाई रिक्षासाठी कर्ज मागायला गेले, तेव्हा कळलं की मुलाबरोबर बापाचाही सिबिल स्कोअर पडला आहे.

वसुलीवाला म्हणाला, "दीड लाख भरा, मिटवून टाकू." ऐकायला बरं वाटतं. पण तडजोडीने मिटवलेलं खातं अहवालात 'सेटल्ड' दिसतं, 'क्लोज्ड' नाही. पुढची बँक ते बघून हात आखडते. भाच्याला नुकतीच नोकरी लागली होती. आम्ही तिघं शाखेत गेलो, थकबाकीचा उतारा घेतला, हप्ते ठरवून लेखी घेतले. मागची सगळी थकबाकी भरली तेव्हाच खातं एनपीएतून बाहेर आलं. अडीच वर्षांनी कर्ज फिटलं, बँकेकडून 'नो ड्यूज'चा दाखला घेतला.

तरी अहवालात थकबाकी दिसतच होती. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, म्हणून हे कळलं. तक्रार केली. तीस दिवसांत तिचा निकाल लागला नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आमची चूक त्याआधीच दुरुस्त झाली.

व्याज हराम आहे, हे जुम्म्याच्या बयानात आपण ऐकतोच. त्यानंतर मशिदीच्या ओट्यावर एखाद्या निवृत्त बँकवाल्याने तासभर बसावं, लोकांची पत्रं वाचून द्यावीत. अशी बंद पाकिटं आणखीही घरांत असतील.