जोतं एवढं उंच का?

प्रिय नंदू,


सहकारनगरचं आपलं घर विकायचं मी मनाशी ठरवलं आहे. फोनवर बोलायला जीभ रेटेना, म्हणून हे पत्र. माझे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, आणि वरच्या खोलीत जाता येत नसेल तर या घरात राहून काय करायचं?

काल खरेदीखताचा मसुदा वाचला. त्यात चतुःसीमा लिहिल्या आहेत. पूर्वेस रस्ता, बाकी तिन्ही बाजूंना शेजारचे प्लॉट. पर्वतीचं नाव कुठेच नाही. अण्णांनी ही जागा घेतली ती मात्र पर्वतीसाठीच.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि तू दोन. नारायण पेठेतली आपली भाड्याची खोली पाण्याखाली गेली. आई तुला कडेवर घेऊन आणि अण्णा माझा हात धरून पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढले. वर माणसंच माणसं होती. कुणी बोलत नव्हतं, सगळे खाली बघत होते. परतलो तेव्हा खोलीत माझ्या कमरेइतका गाळ होता. अण्णा एवढंच म्हणाले, "आता राहायचं ते पर्वती दिसेल अशा जागी."

१९६४ मध्ये घर उभं राहिलं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. गवंडी म्हणाला, जोतं दीड फूट पुरे. अण्णांनी काळ्या दगडाचं साडेतीन फूट बांधून घेतलं. टेकडीच्या पायथ्याला पूर यायचा नाही, हे त्यांनाही कळत होतं. वर उत्तरेला रुंद सागवानी खिडकी काढली आणि तिच्याखाली लाल कोब्याचा कट्टा. त्या कट्ट्याचा रंग डाव्या बाजूला पार उडाला आहे. आई तिथं बसून तांदूळ निवडायची आणि मधूनमधून मान वर करून पर्वतीचा कळस बघायची. आता समोर दोन इमारती आल्यात, कळस त्यांच्या फटीतून दिसतो. पण दिसतो.

दोन बिल्डर येऊन गेले. आकडा मोठा सांगितला. दोघांनी टेप लावून प्लॉट मोजला, घरात पाऊल टाकलं नाही. मग एक कुटुंब आलं, नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. पायऱ्या चढताना त्या बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, जोतं एवढं उंच का?" साठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. आजी कट्ट्यावर बसून ऐकत होत्या.

त्यांची किंमत कमी आहे. तरी घर त्यांनाच द्यावं, असं मला मनापासून वाटतं. हे घर राहण्यासाठी बांधलं होतं, त्यात माणसं राहावीत.

पण निम्मं घर तुझं आहे. कमी किमतीची झळ तुलाही लागेल, म्हणून तू नाही म्हणालीस तर मी राग धरणार नाही. हक्कसोडपत्र मला नको. खरेदीखतावर माझ्या सहीशेजारी तुझी सही हवी.

दिवाळीआधी बडोद्याहून ये. चार दिवस राहा. माझा हात धर, आपण दोघं एकदा जिना चढू आणि आईच्या कट्ट्यावर बसून चहा घेऊ. सह्या त्यानंतर.

तुझा,
दादा